कलम ३७७ : एका कायद्याची हकीगत

ज्यांचें प्रेम आपल्याच लिंगाच्या व्यक्तीवर जडतें त्यांस समलिंगी म्हणतात. त्यांजवर गुन्ह्याचा शिक्का कसा बसला व कसा पुसला गेला, हें आम्ही येथें सांगतों.

इ. स. १८६० मध्यें इंग्रज सरकारनें भारतीय दंडसंहिता केली. तींतील कलम ३७७ अन्वयें ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. पुढें खुद्द इंग्लंडांत १९५७ सालीं वुल्फेंडन समितीनें मत दिलें कीं, प्रौढ पुरुषांनीं राजीखुशीनें एकांतांत केलेलें कृत्य गुन्हा मानूं नये. पाप निराळें, गुन्हा निराळा. कँटरबरीचे आर्चबिशप रॅमसे ह्यांनींही ह्या सुधारणेस पाठिंबा दिला, व १९६७ सालीं तेथील कायदा बदलला.

आपल्याकडे मात्र तें कलम आणखी एकावन्न वर्षें टिकलें. दिल्ली उच्च न्यायालयानें २००९ सालीं दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं काढून घेतली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, प्रौढांचे राजीखुशीचे संबंध गुन्हा नव्हेत. विवाहाचा हक्क मात्र २०२३ सालीं नाकारला गेला.

न्यायालय शिक्षा रद्द करूं शकतें. परंतु चावडीवरील टोमणा त्यास थांबवितां येत नाहीं, व बापानें लेंकरावर लाविलेलें दार उघडतां येत नाहीं. तें आपल्याच हातीं आहे, असें आम्हांस वाटतें.