मधुमेह व पायांची काळजी
(इयत्ता ४ थी)



१४ नोव्हेंबरला आपण बालदिन साजरा करतो. त्याच तारखेला जगात मधुमेह दिन असतो. कारण फ्रेडरिक बँटिंग या डॉक्टरांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडा देशात झाला. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मधुमेहावरचे औषध शोधले. माझ्या आबाजींना मधुमेह आहे. म्हणून मी हा विषय घेतला. आपल्या गावात त्याला कोणी मधुमेह म्हणत नाही, शुगर म्हणतात.

मधु म्हणजे मध. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या देशातल्या जुन्या वैद्यांनी फार पूर्वीच पाहिले होते.

आपण भाकर, पोळी, भात खातो. त्याची पोटात साखर होते व ती रक्तात जाते. रक्तातून ती शरीराच्या लहान लहान पेशींत जायला पाहिजे. पेशीला जणू कुलूप असते आणि त्याची चावी म्हणजे इन्सुलिन. ही चावी जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होते. मोठ्या माणसांना शुगर होते तेव्हा बहुतेक वेळा कुलूप गंजल्यासारखे होते व चावीही कमी पडते. मग साखर रक्तातच राहते. काही लहान मुलांच्या शरीरात चावी जवळजवळ तयारच होत नाही. त्यांना रोज इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. तो आजार गोळ्या-चॉकलेट खाल्ल्याने होत नाही, म्हणून अशा मुलाला कोणी चिडवू नये.

पूर्वी अशी मुले वाचत नसत. टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा दवाखान्यात होता. तो अगदी हाडांचा सापळा झाला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले. ते नीट शुद्ध नव्हते. २३ जानेवारीला शुद्ध केलेले दिले आणि त्याची साखर उतरली. तो आणखी १३ वर्षे जगला.

आमचे आबाजी बारीक आहेत. शुगर फक्त जाड माणसांना होते असे मला वाटायचे. पण पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. आपल्याकडची बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त असते असे त्यांना दिसले. म्हणून बारीक माणसानेही तपासून घ्यावे. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासतात. पुन्हा तेवढीच आली तर मधुमेह आहे असे समजतात. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांना तपासणीला बोलावतात, तेव्हा पालकांनी जावे. आमच्या गल्लीतले लोक शेतात काम आहे म्हणून टाळतात.

आता पायाचे सांगते. मला तेच जास्त सांगायचे आहे.

साखर बरीच वर्षे जास्त राहिली की पायातल्या नसा बधिर होतात. काटा लागला तरी कळत नाही. रक्ताच्या नळ्याही अरुंद होतात, मग जखम लवकर भरत नाही आणि चिघळते. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा अंगठा अशानेच कापावा लागला. आधी फक्त चपलेचा फोड होता.

मागच्या वर्षी तुरीच्या वावरातून आबाजी घरी आले. ओसरीवर रक्ताचे ठिपके पडले. आजी म्हणाली, “अवो, पायाले काय लागलं?” आबाजी म्हणाले, “काटा रुतला असता तं मले कळलं नसतं का?” बाबांनी पाय पाहिला तर बाभळीचा मोठा काटा तळव्यात मोडला होता.

मग त्यांना आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी काटा काढला. आबाजींना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. कळले की ‘हो’ म्हणायचे. डाव्या पायाला तीन ठिकाणी ते काहीच बोलले नाहीत. मी मोजत होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचे पाय मी पाहते. त्यांना वाकवत नाही व बारीक दिसतही नाही. आधी पाय धुऊन बोटांच्या मधली जागा फडक्याने कोरडी करायची. टाचांना खोबरेल तेल लावायचे, पण बोटांमध्ये लावायचे नाही. फोड, चीर, लाली, सूज, काळा डाग आहे का ते पाहायचे. काही दिसले की दुसऱ्याच दिवशी दवाखाना. कुरूप ब्लेडने कापायचे नाही. थंडीत शेकोटीवर पाय धरायचे नाहीत, कारण भाजले तरी कळत नाही. अंघोळीचे पाणी आजी आधी हात घालून पाहते. चप्पल-बूट घालण्याआधी झटकायचे.

आबाजी दरवर्षी शेगावला पायी जातात, तेही अनवाणी. यंदा आशाताई म्हणाल्या, “जा, पण बूट घालून जा.” आबाजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग बाबांनी मऊ बूट आणले आणि ते घालून गेले. बिडी मात्र अजून पूर्ण सुटली नाही. बिडीने रक्ताच्या नळ्या आणखी खराब होतात. हे त्यांनी वाचले तर मला रागावतील.

खाण्याचे थोडे सांगते. ज्वारीची भाकर कितीही खाल्ली तरी चालते असे लोक म्हणतात. ते खरे नाही, भाकरीचीही साखर होते. एक भाकर, जास्त भाजी आणि वरण असे आजी वाढते. गुळाचा चहाही चालत नाही, गूळ म्हणजे साखरच. एकादशीचा साबुदाणाही तसाच. गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिले तर साखर एकदम उतरते, म्हणून उपवास डॉक्टरांना विचारून करावा.

साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, खूप भूक लागते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे. आबाजींच्या बंडीच्या खिशात साखरेची पुडी असते. माझा लहान भाऊ ती खातो, म्हणून मी रोज खिसाही पाहते.

आबाजी गोळ्या घेतात. ज्यांना इन्सुलिन आहे त्यांनी ते उन्हाळ्यात जपावे, आपल्याकडे ऊन फार. घरात फ्रीज नसेल तर एका मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवतात व बाटली डबीत घालून आत ठेवतात. इन्सुलिन बर्फात ठेवू नये, गोठले तर वाया जाते.

दर तीन महिन्यांनी एक रक्ताची तपासणी असते, तिच्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते. आबाजींची आधी ९ आली होती, आता साडेसात आहे. डॉक्टरांनी ७ पर्यंत आणायला सांगितले आहे. वर्षातून एकदा डोळ्यांचा मागचा पडदा आणि मूत्रपिंडासाठी लघवीही तपासतात. लघवीची तपासणी झाली. डोळ्यांची राहिली आहे. सोयाबीन विकले की बाबा त्यांना बुलढाण्याला नेणार आहेत.