एक जनुक, तीन विभाग : लक्षणांच्या नकाशाचा अभ्यास

एकच रुग्ण दृष्टी अधू झाली म्हणून नेत्र विभागात, पाठीचा कणा वाकला म्हणून अस्थिरोग विभागात आणि छातीत धडधडते म्हणून हृदयरोग विभागात जातो. तिन्ही ठिकाणी स्वतंत्र कागद तयार होतात. ते जपून ठेवणे हे आम्हां प्रशासनाचे काम. परंतु केवळ जपणुकीने त्यांतील परस्परसंबंध उमगत नाही.

मार्फान सिंड्रोम हे याचे बोलके उदाहरण होय. १५ व्या गुणसूत्रावरील एफबीएन१ या जनुकात दोष असल्यास शरीरातील संयोजी ऊतींना आधार देणारे फायब्रिलिन हे प्रथिन सदोष बनते. परिणामी नेत्रभिंग सरकणे, कणा वाकणे व महारोहिणी रुंदावणे ही वरवर असंबद्ध लक्षणे एकाच मुळातून उद्भवतात. रुंदावलेली महारोहिणी वेळीच लक्षात न आल्यास ती फाटून प्राणावर बेतू शकते.

अशी लक्षणे जोडून पाहता यावीत यासाठी २००८ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील पीटर रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी' प्रसिद्ध केली. ऑन्टॉलॉजी म्हणजे संज्ञांची, त्यांच्या परस्परनात्यांसह केलेली सुसूत्र मांडणी. हीत आज १३,००० हून अधिक संज्ञा आहेत. खातेवहीत पोटखाते एकाच मुख्य खात्याखाली येते; येथे मात्र एक संज्ञा अनेक शीर्षकांखाली येऊ शकते.

संज्ञा व जनुके बिंदूंनी आणि त्यांचे संबंध रेषांनी रेखाटले की हे जाळे डोळ्यांना दिसते. नेत्रभिंग सरकण्याच्या बिंदूपासून एक रेषा एफबीएन१ कडे जाते, तर दुसरी होमोसिस्टिन्युरिया या विकाराशी निगडित सीबीएस जनुकाकडे. त्यात महारोहिणीच्या रुंदावण्याची नोंद मिळवली की पारडे एफबीएन१ कडे झुकते. अर्थात चित्र केवळ दिशा दाखवते. निदान वैद्यकीय तपासणी व जनुकीय चाचणी यांवरूनच ठरते.

या अभ्यासातून आम्हांस एक बोध झाला. जे लक्षण लिहिलेच गेले नाही, अथवा प्रत्येक विभागाने निरनिराळ्या शब्दांत लिहिले, ते या नकाशावर उमटत नाही. सर्व विभागांसाठी एकच रुग्णपत्रिका व समान संज्ञा यांकरिता महागडी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती शिस्त. नोंदवहीतील एक ओळ रुग्णाचे प्राण वाचवू शकते, ही जाणीव आम्ही सर्वांनी सदैव बाळगली पाहिजे.