अरण्याची मोजदाद

एखाद्या देशास आपल्या नैसर्गिक संपत्तीचा उपयोग शहाणपणाने करावयाचा असेल, तर ती किती आहे आणि दरवर्षी किती घटते, हे प्रथम ठाऊक असावे लागते. विकसनशील देशांत नेमके हेच कठीण असते; कारण प्रदेश विस्तीर्ण, मोजणारे हात थोडे आणि पैसा अपुरा. या अडचणीतून मार्ग कसा निघू शकतो, हे ब्राझीलच्या उदाहरणावरून दिसून येते.

ब्राझीलने अ‍ॅमेझॉन म्हणून कायद्याने ठरविलेला प्रदेश सुमारे ५० लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या दीडपट आहे. तेथे पायी हिंडून वृक्षतोड मोजणे अशक्य होय. म्हणून त्या देशाच्या राष्ट्रीय अंतराळ संशोधन संस्थेने लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा आधार घेतला, आणि १९८८ पासून दरवर्षीच्या तोडीचा आकडा काढण्यास आरंभ केला. या मोजणीस ‘प्रोदेस’ म्हणतात.

तिचे तत्त्व सोपे आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करते. उघडी माती तसे करीत नाही. त्यामुळे चित्रात अरण्य आणि मोकळी जमीन निरनिराळी दिसतात. ढगांचा अडथळा टाळण्यासाठी कोरड्या ऋतूतील चित्रे निवडतात. एकदा मोजलेला भाग पुन्हा मोजीत नाहीत, आणि सव्वासहा हेक्टरांहून लहान तुकडा वार्षिक आकड्यात धरीत नाहीत. नियम दरवर्षी तेच असल्यामुळेच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करता येते.

परंतु वर्ष सरल्यावर कळलेली तोड थांबविता येत नाही. यासाठी २००४ मध्ये ‘देतेर’ ही दुसरी योजना सुरू झाली. तिची चित्रे कमी बारकाईची, पण वारंवार मिळणारी होती. त्यांवरून निघालेल्या सूचना वनरक्षण अधिकाऱ्यांस कळविल्या जात. २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर अरण्य तुटले होते. २०१२ साली हा आकडा सुमारे ४,६०० वर आला. हे श्रेय एकट्या मोजणीचे नव्हे. संरक्षित क्षेत्रे, कायद्याची अंमलबजावणी आणि कर्जांवरील निर्बंध यांचाही त्यात वाटा होता. मात्र कोठे जावयाचे, हे अधिकाऱ्यांस मोजणीनेच दाखविले.

आकडे नेहमीच सुखद नसतात. २०१९ साली वाढती तोड दाखविणारे आकडे राष्ट्राध्यक्षांस मान्य झाले नाहीत, आणि संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाओ यांस पद सोडावे लागले. तरी मोजणी थांबली नाही. २००८ पासून लँडसॅटची चित्रे सर्वांस विनामूल्य खुली होती. त्यामुळे कोणत्याही देशातील अभ्यासकास तोडीची स्वतंत्रपणे पडताळणी करता येत होती. २०२१ च्या मोजणीत सुमारे १३,००० चौरस किलोमीटर तोड नोंदली गेली. २०२४ मध्ये ती सुमारे ६,३०० पर्यंत उतरली.

या कार्यात भारताचाही हातभार लागला आहे. तोडीच्या सूचनांसाठी भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहाची चित्रे वापरली गेली. आणि ब्राझीलने स्वतः घडविलेला ‘अ‍ॅमेझोनिया-१’ हा उपग्रह २८ फेब्रुवारी २०२१ रोजी श्रीहरिकोटा येथून भारतीय अग्निबाणाने अवकाशात गेला.

मोजणीने झाड वाचत नाही, हे खरे. परंतु नियमित, वेळेवर आणि सर्वांसमोर ठेवलेली मोजणी नसेल, तर झाड गेले हेदेखील कोणास कळत नाही. आणि जे कळलेच नाही, त्याचा जाब कोण विचारणार?