लेकीच्या कॉम्प्युटरच्या क्रेडिटबद्दल थोडं

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, हे कॉम्प्युटर सक्तीचं म्हणजे आमच्या पोरीला फुकटचं क्रेडिट. घरात सगळे आयटीवालेच!" तेव्हा घाईत होते. आता निवांत सांगते.

बेंटनव्हिलमध्ये वॉलमार्टमुळे आपली इतकी माणसं आलीत की तुझ्यासारखं बोलणाऱ्या बऱ्याच जणी भेटतील. पण आपल्या आर्कान्सा राज्याने हा नियम आपल्यासाठी केलेला नाही. २०१५ साली गव्हर्नर एसा हचिन्सन यांनी कायदा आणला, प्रत्येक सरकारी हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर सायन्स हा विषय असलाच पाहिजे म्हणून. (निवडणुकीत नातीने आजोबांच्या प्रचाराचं अ‍ॅप केलं, तिथून म्हणे त्यांनी हे मनावर घेतलं. नातवंडांपुढे गव्हर्नरचंही चालत नाही!) मग २०२१चा कायदा आला. २०२२-२३मध्ये नववीत गेलेल्या मुलांपासून पुढे सगळ्यांना हायस्कूल पास व्हायला या विषयाचं एक क्रेडिट लागतं. शिवाय शाळेने या विषयाचा पात्र शिक्षक नेमायचाच. माझ्या मते खरी मेख या कलमात आहे. नाहीतर मिसिसिपीकाठच्या गरीब गावांत विषय नुसता कागदावर राहिला असता. आपल्या पोरींना घरी विचारायला कोणीतरी असतं, तिथल्यांना कोण?

आणि हे आपल्या एमएस-सीआयटीसारखं नाही हं. वर्ड, एक्सेल, प्रमाणपत्र, झालं, असं नाही. इथे पोरीला स्वतः विचार करून प्रोग्राम लिहावा लागतो.

आता तुझ्या मनातलं बोलते. तुला तिला थेट एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या) कॉम्प्युटर सायन्स ए मध्ये घालायचंय. ते पूर्ण जावा आहे. तिला आवड असेल तर खुशाल घाल, पण नववीत, नवी शाळा, नवे उच्चार, त्यात हे कशाला? आधी साधा कोर्स घेऊ दे, नाहीतर पुढच्या वर्षी एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स. त्यात इंटरनेट कसं चालतं, डेटाचं काय होतं, हेही येतं.

फक्त एक कर. भाऊजींना तिच्या प्रोजेक्टपासून लांब ठेव! प्रिन्सिपल्समध्ये मुलांनी स्वतः केलेल्या प्रोग्रामला ३० टक्के गुण असतात. मे महिन्यात परीक्षेला बसलं की तिचाच कोड समोर ठेवतात आणि विचारतात, ही प्रोसिजर काय करते, हे कसं तपासशील. बाबांनी रात्री बसून लिहिलेला कोड असेल तर पोरगी तिथे काय लिहिणार? बिचारी पेन्सिल चावत बसेल.

वर्गात मुली किती आहेत तेही विचारून ठेव. एकटीदुकटी असेल तर मैत्रिणीला सोबत घेऊ दे, संकोच कमी होतो.

अजून एक, हे क्रेडिट काही वेळा गणिताच्या किंवा विज्ञानाच्या एका क्रेडिटऐवजी धरता येतं. पण तिला पुढे इंजिनिअरिंगला जायचं असेल तर गणित सोडू नकोस. कॉलेजवाले चार वर्षांचं गणित बघतात. काउन्सेलरला ईमेल टाक, आणि विषय निवडीचा फॉर्म भरलास की सही करायच्या आधी मला फोटो पाठव.