फलक रंगविणारा चित्रकार

चित्रपटगृहासमोरचा प्रचंड फलक रस्त्याने जाणाऱ्याला क्षणभरच दिसतो. तेवढ्या अवधीत नट कोण, नटी कोण, हे त्याला कळले पाहिजे. म्हणून फलक रंगविणारे कारागीर छायाचित्रावर चौकटी आखून चेहरा अनेक पटींनी मोठा करीत आणि गालांवर निळा, हिरवा वा गुलाबी रंग बेधडक लावीत. १९१५ मध्ये पंढरपूर येथे जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचा हात या कामावर तयार झाला. १९३० नंतरच्या दशकात मुंबईत असे फलक रंगवून ते उदरनिर्वाह करीत असत. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. प्रेक्षक बदलला, हात तोच राहिला.

अमेरिकेतील अँडी वॉरहॉल हेही जाहिरातींच्या व्यवसायातूनच पुढे आले. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोच्या निधनानंतर तिच्या एकाच प्रसिद्धी-छायाचित्रावरून त्यांनी रेशमी पडद्याच्या छपाईने अनेक चित्रे काढली. तेथे चित्रकाराचा हात मुद्दाम लपविलेला आहे. हुसेन यांची रेषा मात्र आपण हाताने ओढलेली आहोत हे कधीच लपवीत नाही.

१९७१ च्या युद्धानंतर त्यांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगविले. परंतु त्यांची खरी थोरवी मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत आहे. निळ्या काठाची पांढरी साडी, कुशीत एखादे मूल, आणि पदराखाली चेहऱ्याच्या जागी केवळ काळोख. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई वारली. तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही, असे ते सांगत. चेहरे मोठे करण्यात मुरलेल्या चित्रकाराने येथे चेहराच वगळला, आणि तरीही ओळख पटते.

त्यांच्या अनवाणी चालण्याची चर्चा चित्रांइतकीच झाली. अनेकांना तो नखरा वाटे. त्यामागची हकिगत निराळी आहे. भिलाईजवळच्या राजनांदगाव येथे महाविद्यालयात शिकविणारे, घरी मराठी बोलणारे हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध सप्टेंबर १९६४ मध्ये दिल्लीत निवर्तले. त्यांच्या अंत्ययात्रेत हुसेन अनवाणी चालले, आणि तेव्हापासून त्यांनी पादत्राणे सोडली असे सांगितले जाते.

पुढे माधुरी दीक्षित यांच्यावर त्यांनी चित्रांची मालिकाच केली. २००० मध्ये ‘गजगामिनी’ हा चित्रपटही काढला. देवदेवतांच्या चित्रांवरून खटले व धमक्या सुरू झाल्यावर २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. ९ जून २०११ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.