नगरपंचायतीकडे नेमकं काय मागायचं? स्थानिक खाद्य-धंदा करणाऱ्यांसाठी एक धडा



धंद्याचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "अनुदान किती?" आजचा धडा अनुदानाच्या अलीकडचा आहे. तुम्हाला भाजीचं दुकान लावायचं असो, जवसाच्या चटणीचं पाकीट विकायचं असो की नाश्त्याची गाडी लावायची असो, ज्या गावात तुम्ही बसणार त्या गावचं नगर प्रशासन तुमचा बिनपैशाचा भागीदार असतं. हा भागीदार कामाचा ठरेल की अडचणीचा, हे बरंचसं तुम्ही त्याच्याकडे काय मागता यावर ठरतं.

उदाहरण आपलंच घेऊ. राळेगाव हे तालुक्याचं गाव. इथे नगरपंचायत आहे, बाजार समिती आहे, चारी बाजूंनी शेती आहे आणि वडकीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. शेतात मात्र मुख्यतः कापूस, सोयाबीन, तूर. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो वर्षातून एकदा-दोनदा, आणि घरात भाजी लागते रोज. येत्या बाजाराच्या दिवशी एक काम करा. दहा भाजीवाल्यांना विचारा, "भाऊ, हा माल कुठला?" वहीत दोन रकाने करा, 'तालुक्यातला' आणि 'बाहेरचा'. बाहेरच्या रकान्यात जेवढी नावं येतील, तेवढा पैसा दर आठवड्याला गाडीत बसून बाहेर जातोय. तुमच्या धंद्याची जागा तिथेच आहे.

आधी हे समजून घ्या : नगरपंचायतीच्या हातात काय असतं?

शेतमालाचा हमीभाव नगरपंचायत ठरवत नाही, कर्ज देत नाही, बियाणं देत नाही. त्यासाठी कचेरीत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. पण महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम 1965 खाली बाजाराची जागा, बाजार फी, पाणी, दिवाबत्ती, सफाई आणि कचरा हे विषय तिच्याकडे येतात. खाण्याच्या धंद्यात नफा-तोटा बहुतेक वेळा याच गोष्टींवर फिरतो.

पटत नसेल तर हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा तुम्ही शेतकऱ्याकडून 50 किलो भाजी 24 रुपयांनी घेतली. खर्च 1200 रुपये. उन्हात बसलात, पाणी मारायची सोय नाही, 8 किलो माल सुकला. उरलेला 42 किलो 35 रुपयांनी विकला, आले 1470. गाडीभाडं आणि बाजाराची पावती मिळून 120 गेले. हातात राहिले 150 रुपये.

आता तोच माल, तोच भाव. फक्त डोक्यावर शेड आहे आणि जवळ नळ आहे. खराबी 2 किलोवर आली. 48 किलो विकले, आले 1680. तेच 120 वजा केले तर हातात 360 रुपये.

भाव वाढवला नाही, शेतकऱ्याला कमी दिलं नाही, तरी कमाई दुपटीच्या वर गेली. हा फरक शेड आणि नळाचा आहे, आणि दोन्ही गोष्टी गाव प्रशासनाच्या अखत्यारीतल्या आहेत. म्हणून म्हणतो, मागणी करायची तर अशी करा की जिचा हिशोब तुम्ही कागदावर दाखवू शकता.

गाव-शहराने बाजार उभा करणं ही नवी गोष्ट नाही

कोणी म्हणेल, "हे काय नगरपंचायतीचं काम आहे का?" तर त्याला पुण्याची मंडई सांगा. आजची महात्मा फुले मंडई पुणे नगरपालिकेने 1886 साली सुरू केली. म्हणजे आपल्या राज्यात बाजार बांधणं हे नगरपालिकांचं सव्वाशे वर्षांहून जुनं काम आहे.

शेतकरी थेट ग्राहकापुढे बसेल असे बाजारही देशात जुने आहेत. पंजाबात 1987 मध्ये अपनी मंडी सुरू झाली. 1999 मध्ये आंध्र प्रदेशात रयतू बाजार आणि तमिळनाडूत उळवर संदै सुरू झाले. महाराष्ट्रात 2016 साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली. त्याच सुमारास पणन मंडळाने संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान हाती घेतलं. यात साधी विभागणी आहे. माल शेतकऱ्यांच्या गटाचा, जागा शहराची. जागा मिळाली नाही तर अभियान कागदावर राहतं, हे लक्षात ठेवा.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण मला फार आवडतं. ब्राझीलमध्ये बेलो ओरिझोंते नावाचं मोठं शहर आहे. 1993 साली तिथल्या महापालिकेने अन्नपुरवठ्यासाठी वेगळा विभागच उघडला. आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांना शहरात विक्रीच्या जागा दिल्या. काही दुकानदारांना मोक्याच्या जागा दिल्या, पण अट घातली की सुमारे वीस ठरावीक वस्तू ठरलेल्या कमी दराने विकायच्या. बाकी माल बाजारभावाने विका. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळालं, गरिबाला स्वस्त भाजी मिळाली. आणि या सगळ्यावर पालिकेच्या अंदाजपत्रकाचे दोन टक्केसुद्धा खर्च होत नव्हते. ते शहर आपल्यापेक्षा कितीतरी मोठं, त्याची नक्कल करायची नाही. धडा एवढाच की पालिकेकडे सगळ्यात मौल्यवान वस्तू पैसा नसून जागा आहे, आणि जागा देताना अट घालता येते.

कोणत्या पाच गोष्टी मागायच्या?

1. ठरलेली जागा आणि ठरलेला वेळ. आठवडी बाजाराव्यतिरिक्त आठवड्यातून एक सकाळ, तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी आणि बचत गटांसाठी. नवीन इमारत मागू नका. गिऱ्हाईक ज्या रस्त्याने जातं त्याच रस्त्यावरची मोकळी जागा मागा. गावाबाहेर पक्के ओटे बांधले आणि गिऱ्हाईक तिकडे वळलंच नाही, तर त्या ओट्यांवर गुरं बसतात.

2. शेड, पाणी, दिवा आणि महिलांसाठी स्वच्छतागृह. शेवटची गोष्ट विसरू नका. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाया पाणी कमी पिऊन दिवस काढतात, आणि हे सांगायला संकोचतात. ज्या बाजारात ही सोय नाही तिथे बचत गटाच्या ताई टिकत नाहीत.

3. बाजार फीचा फलक. बाजार वसुलीचा हर्रास झाला की ठेकेदार पावती फाडतो. दर काय ठरला, किती जागेला किती, हे बाजाराच्या तोंडाशी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं अशी मागणी करा. खर्च एका फलकाचा. पण नवीन माणसाला धंद्याचा हिशोब आधीच करता येतो. पुढच्या हर्रासाच्या अटींमध्ये 'टोपलीभर माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला फी माफ' ही एक ओळ घालायला सांगा.

4. ओल्या कचऱ्याचं खत. बाजार उठला की पालापाचोळा, सडका माल पडतो. ओला-सुका कचरा वेगळा ठेवणं घनकचरा नियमांनी बंधनकारक केलंच आहे. त्या ओल्या कचऱ्याचं खत होऊन भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे परत गेलं, तर चक्र पूर्ण झालं. नागरी संस्थांच्या अशा खतासाठी राज्याची 'हरित महासिटी कंपोस्ट' ही नाममुद्रा आहे. कोणी तरुण हे वर्गीकरण आणि खत विक्रीचं काम धंदा म्हणून घेऊ शकतो.

5. रानभाज्यांना पावसाळाभर जागा. आपला तालुका कोलाम, गोंड बांधवांचा. तरोटा, कुरडू, कटुले, वाघाटे यांची ओळख त्यांच्याइतकी कोणाला नाही. कृषी विभाग ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव घेतो. महोत्सव एक-दोन दिवसांचा, भाज्यांचा हंगाम मात्र अनेक आठवड्यांचा. महोत्सव संपल्यावर त्या मावशी कुठे बसणार? कोपऱ्यातल्या चार जागा हंगामभर राखून ठेवा, एवढीच मागणी.

कायदा तुमच्या बाजूने कुठे आहे?

रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यातल्या या गोष्टी पाठ करून ठेवा.

- नागरी संस्थेत पथविक्रेता समिती असावी लागते. मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष. किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला.
- दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण आणि त्यावरून विक्री प्रमाणपत्र.
- हटवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस.
- माल जप्त झाला आणि तो नाशवंत असेल तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्यावा लागतो.
- पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार असेल तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही.

विक्री प्रमाणपत्र किंवा सर्वेक्षणातलं नाव हातात असलं की पीएम स्वनिधीचा रस्ता सोपा होतो. 2020 साली ही योजना 10,000 रुपयांपासून सुरू झाली. 2025 च्या बदलानंतर पहिला टप्पा 15,000, दुसरा 25,000 आणि तिसरा 50,000 रुपयांपर्यंत आहे. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सवलत. पण कर्ज म्हणजे कमाई नाही. वरचा हिशोब कागदावर जमल्याशिवाय अर्ज भरू नका.

खाद्यपदार्थ विकणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते.  अर्ज करताना पोर्टलवर चालू नियम बघून घ्या. चटणी, पापड, सांडगे, डाळ अशा प्रक्रियेसाठी यंत्र घ्यायचं तर पीएमएफएमई योजनेत पात्र खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. ते कृषी विभागामार्फत येतं, नगरपंचायतीकडून नाही. कोणत्या कामासाठी कोणतं दार ठोकायचं हे माहीत असलं की अर्धे हेलपाटे वाचतात.

मागणी करायची पद्धत

एकटे जाऊ नका. पाच भाजीवाले, दोन बचत गट, दोन शेतकरी, एक नाश्ता गाडीवाला असे दहा जण जमवा. अर्ज एका पानाचा करा. वरच्या अर्ध्यात तुमच्या वहीतली माहिती, म्हणजे किती विक्रेते, किती माल बाहेरचा, खराबी किती. खालच्या अर्ध्यात फक्त एक मागणी. पाचही गोष्टी एका अर्जात कोंबल्या की एकही होत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, आवक-जावक विभागात पोच घ्या आणि प्रत तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला द्या. विषय सर्वसाधारण सभेत येऊन ठराव झाला तरच तो टिकतो, कारण तोंडी होकार देणारा अधिकारी बदलून जातो. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आसपास ठरतं, म्हणून खर्चाची मागणी दिवाळीनंतर लगेच करा. मार्चमध्ये गेलात तर "पुढच्या वर्षी बघू" हेच ऐकू येईल. काहीच उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. आवाज चढवायची गरज नाही.

आणि एक गोष्ट खरी सांगतो. नगरपंचायतीकडे माणसं कमी, पैसा कमी. त्यामुळे तुमच्याकडूनही काही द्या. "जागा द्या, सफाईचं आम्ही बघतो" असं म्हणणाऱ्या गटाला नाही म्हणणं कठीण जातं.

आता तुमची बाजू

जागा मिळाली, शेड मिळालं, तरी 'आपल्या गावचं' एवढ्या नावावर माल विकला जात नाही. पहिल्या आठवड्यात लोक कौतुकाने घेतात, तिसऱ्या आठवड्यात भाव आणि ताजेपणा बघतात. तुमची मेथी सकाळी तोडलेली आहे हे गिऱ्हाईकाला दिसलं पाहिजे. वजन चोख हवं. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी द्या. कापसाच्या पैशाची वाट बघणाऱ्या घरात दर आठवड्याला येणारे चारशे-पाचशे रुपये किराण्याचे, औषधाचे, शाळेच्या वहीचे असतात. त्या रोख रकमेसाठी पुढच्या हंगामात तो एक पट्टा भाजीला सोडेल. गावाची खाद्यव्यवस्था अशीच एकेका पट्ट्याने उभी राहते.

या आठवड्याचा गृहपाठ : बाजारात जाऊन दहा विक्रेत्यांची वही भरा. तुमच्या मालाचा 'शेड नसताना' आणि 'शेड असताना' असा हिशोब मांडा. मग वरच्या पाचपैकी एकच मागणी निवडा आणि तिचा एक पानी अर्ज लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण अर्जाचा नमुना ओळीओळीने भरू. वही सोबत घेऊन बसा.