जिम सोडलं, हप्ता सुटेना

प्रश्न : नेरूळचं जिम मी मार्चमध्ये सोडलं, तसं त्यांना व्हॉट्सॲपवर कळवलंही. तरी दर 5 तारखेला 1,499 रुपये खात्यातून जातातच. परत मिळतील का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : आधी पासबुक उघडा. नोंदीपुढे ‘एसीएच डी’ असेल, तर ते नॅच मँडेट आहे, म्हणजे तुम्ही सही करून दिलेली कायमची परवानगी. जिमला कळवल्याने ती आपोआप रद्द होत नाही. आजच बँकेच्या शाखेत किंवा नेटबँकिंगमधून मँडेट रद्द करा आणि पोच जपून ठेवा. यूपीआय ऑटोपे असेल, तर ॲपमध्येच ते बंद करता येतं. कार्ड किंवा यूपीआयवरच्या ऑटोपेला पैसे कापण्याआधी 24 तास सूचना येणं बंधनकारक आहे, ते मेसेज वाचत जा.

आता परताव्याचं. ब्रिटनमध्ये चुकीची वजावट बँक लगेच भरून देते; आपल्याकडे तशी सरसकट हमी नाही, ही मला मोठी उणीव वाटते. रद्द करण्याआधी गेलेले पैसे जिमकडेच लेखी मागा. दाद लागली नाही, तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुमचा व्हॉट्सॲप मेसेज हा तिथे पुरावा ठरतो, तो पुसू नका.

रद्द केल्यावरही पैसे गेले, तर मात्र जाब बँकेला विचारा. तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी क्रमांक 14448.